तिवरांच्या चिखलात

माझ्या वाट्याला आलेल्या गमबुटांपैकी एक सहा नंबरचा होता आणि दुसरा नऊ. सहाचा नीट बसला. नऊच्यात मात्र पाऊल नुसतं खळखळत होतं. खाडीच्या काठावर एका दगडावर बसून मी तो बूट काढत होते, पुन्हा घालत होते... तेवढ्यात समोर एक सावली येऊन थांबली. उंच, सावळा, खारट वाऱ्यानं केस विस्कटलेला एक माणूस. तोही लंगडतच आलेला.

"तुमच्याकडं माझा बूट हाय वाटतं," तो म्हणाला.

मी त्याच्या पायांकडं पाहिलं. एक पाय बुटात होता. दुसऱ्याची फक्त बोटं आत शिरली होती, टाच बाहेरच.

"आणि तुमच्याकडं माझा," मी म्हणाले. "पण आधी द्यायचा कुणी?"

"तुमी म्हणाल तसं. मी तर मघापासनं एका पायावर तयार हाय."

मला हसू आलं. मग आम्ही समोरासमोर बसून बूट बदलले आणि नावं सांगितली. तो कृष्णात, खंडाळ्याचा. मी काही विचारायच्या आतच त्यानं सांगून टाकलं, की घाटातला तो थंड हवेचा खंडाळा नव्हे, साताऱ्याचा, कारखान्यांचा. हे वाक्य त्याला आयुष्यात फार वेळा म्हणावं लागलं असावं. मी प्रांजल. घर आटपाडीकडं, धनगराचं; नोकरी आष्ट्याला, गुरांच्या दवाखान्यात.

आम्ही कोकणात आलो होतो ते नाथाजी सरांमुळं. सर माधवनगरचे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. महिन्यातून एक रविवार ते माणसं जमवत आणि कुठंतरी कचरा उचलायला नेत. एरवी सांगलीचा कृष्णाकाठ असायचा, वर्षातून दोनदा मात्र ही खाडी. घाटावरची माणसं सुट्टीला समुद्र बघायला येतात आणि आपला कचरा इथं ठेवून जातात, तेव्हा तो न्यायलाही आपणच यायला हवं, असं सरांचं साधं म्हणणं. सांगली-आष्ट्याकडचे आम्ही बसनं आलो होतो, सातारा-कराडकडचे जीपनं. रात्री गावातल्या शाळेत मुक्काम झाला होता.

मी आले त्याला कारण एक गाय होती. ऑगस्टमध्ये आमच्या डॉक्टरांनी तिचं पोट उघडलं, तेव्हा दोन्ही हातांनी धरून मी जो गोळा बाहेर काढला, तो चाऱ्याचा नव्हता. पिशव्यांचा होता. दुधाच्या, भाजीच्या, दुकानांची नावंसुद्धा वाचता येतील अशा. गाय वाचली नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही, तेव्हा फिरदोसनं माझं नाव सरांच्या यादीत घालून टाकलं. फिरदोस म्हणजे माझी मैत्रीण. तिच्या वडलांचं, चांदसाहेबांचं, आष्ट्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान आहे आणि मी त्यांच्याच वरच्या खोलीत राहते. तीही आली होती. म्हणाली, रडायचंच असेल तर समुद्राकाठी रड, जागा तरी बरी.

समुद्र काही दिसला नाही. दिसलं ते तिवरांचं बन. ओहोटी लागली होती. पाणी मागं सरकलेलं, आणि काळ्या मऊ चिखलातून हजारो मुळं बोटांसारखी वर आलेली. सरांनी सांगितलं, ही झाडं त्या मुळांनी श्वास घेतात. आणि त्याच मुळांभोवती पिशव्या आवळून बसल्या होत्या, गळ्याला फास बसावा तशा. पायाशी लालचुटूक खेकडे एकच मोठी नांगी उगारून आम्हाला दम देत होते. वास होता, पण घाण वाटेना. पावसाळा संपताना शेताच्या बांधाला येतो तसला, थोडा आंबूस.

सरांनी दोन गोष्टी बजावल्या. लाल फडकं बांधलेल्या काठ्यांपलीकडं कुणी जायचं नाही, आणि शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून काठावर यायचं. भरती कुणासाठी थांबत नाही.

कृष्णात माझ्याच रांगेत आला. योगायोगानं, असं मी तेव्हा समजले.

तो भराभर काम करायचा, पण मधेच एखादं पाकीट हातात धरून थबकायचा. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी विचारलं, त्यात काही खायचं उरलंय का? तो जरा ओशाळला. मग त्यानं ते वेफर्सचं पाकीट पालथं करून शिवणीजवळचे बारीक रंगीत ठिपके दाखवले.

"हे आमच्या मशीनवरचं हाय," तो हळूच म्हणाला. "मी छपाईत हाय. असली पाकिटं छापतो. सहा वर्सं झाली. ती सुटल्यावर कुठं जात्यात, कवा बघितलंच न्हवतं."

"म्हणजे तुम्ही पेरायचं आणि आम्ही काढणीला यायचं."

"म्हणून तर काढणीला मी सोता आलोय की. मजुरी बी मागत न्हाई."

चेष्टा मी केली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी लाज दिसली, आणि मला तो तिथंच पहिल्यांदा आवडला. कुणी दुसऱ्यावर ढकललं असतं. त्यानं ते पाकीट पोत्यात टाकताना जणू आपल्याच घरचा केर उचलावा तसं टाकलं.

दोन तास आम्ही बोलत होतो. काय बोललो ते आता आठवत नाही... आठवतं ते एवढंच, की मुळांत अडकलेली पिशवी सोडवताना तो एक टोक धरायचा आणि मी दुसरं, आणि मूळ मोडू नये म्हणून दोघंही श्वास रोखून हळूहळू ओढायचो.

शिट्टी वाजली. सगळे काठाकडं वळले. बाटल्यांनी फुगलेली पोती ओढत आम्ही वर आलो, सरांनी माणसं मोजली, आणि एक कमी निघाला.

मी वळून पाहिलं. लाल फडक्याच्या काठीपलीकडं, वीस-पंचवीस पावलांवर, कृष्णात उभा होता. म्हणजे मला आधी उभा वाटला. मग लक्षात आलं, तो मांडीपर्यंत चिखलात आहे. शेवटचं एक फाटकं मासेमारीचं जाळं दिसलं म्हणून तो गेला होता. हाक मारायलाही लाजत असावा. त्याच्यामागं, झाडांच्या बुंध्यांतून, भरतीचं पाणी चमकत येत होतं.

दोघंतिघं धावले. मी त्यांना अडवलं, कारण पुढं काय होणार ते मला दिसत होतं. आमच्याकडं तळ्याच्या गाळात म्हैस रुतते. लोक शिंगं धरून ओढतात आणि ती आणखी खाली जाते. गाळ ओढल्यानं सोडत नाही. त्याला पाणी द्यावं लागतं आणि वेळ द्यावा लागतो. इथं पाणी होतं, वेळ नव्हता.

मी सरांकडून दोर घेतला, माझ्या कमरेला बांधला, दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. मग बाटल्यांनी भरलेली दोन पोती पुढं ढकलत, त्यांवर पोटावर पडून, मी त्याच्याकडं सरपटत गेले. त्याच कचऱ्यानं मला वर धरलं.

जवळ पोचले तेव्हा पाणी त्याच्या कमरेशी होतं. चेहरा पांढराफटक. मला पोहता येत न्हाई, एवढंच तो म्हणाला. मी एक पोतं त्याच्या पाठीशी सरकवलं.

"पोहायचं नाहीच," मी म्हणाले. "मागं रेलायचं. खाटेवर आडवं व्हावं तसं. पोतं आहे मागं."

तो रेलेना. भ्यालेलं जनावर अंग सैल सोडत नाही. मग मी त्याच्याशी बोलायला लागले, ज्या आवाजात मी अडलेल्या गाईशी बोलते त्या आवाजात. काहीतरी निरर्थक, एकसारखं, हळू. बोलता बोलता हात त्याच्या पायाच्या कडेनं खाली घातला, चिखलात पाण्याला वाट केली. गुडघा हलव, थोडा. पुन्हा. पुन्हा. बूट राहू दे आत. एक पाय सुटला तेव्हा मोठा उसासा टाकावा तसा चिखलाचा आवाज झाला. दुसऱ्याला अधिक वेळ लागला. पाणी माझ्या हनुवटीला लागलं होतं, आणि पोत्यावर डोकं टेकून तो आभाळाकडं बघत माझ्या त्या निरर्थक बोलण्याला हूं, हूं म्हणत होता...

मग सरांनी दोर ओढला आणि आम्ही दोघं पोत्यांसकट काठाला लागलो.

येताना त्याला आमच्या बसमध्ये मागच्या बाकावर निजवलं होतं. कराडला तो उठला. उतरताना माझ्या सीटपाशी थांबला, आणि फक्त म्हणाला, "येतो."

"एवढंच?" फिरदोस मला कोपर मारत पुटपुटली. मीही खिडकीबाहेर बघत तोच विचार करत होते.

दिवाळीत गुरांना सुट्टी नसते, म्हणून मी आष्ट्यातच होते. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. बरोबर आई, दगडाबाई. कंदी पेढे, नारळ, हिरवी साडी. त्या माऊलीनं मला बघितलं आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, बराच वेळ. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून पदरावर पडत होतं आणि त्यांना पुसायचंही भान नव्हतं. त्यांचे यजमान कृष्णात लहान असताना गेले होते, तो एकुलता एक. मला फार संकोच झाला. मी तर रोज करते तेच केलं होतं, फक्त म्हशीऐवजी माणूस होता. तसं मी म्हणालेही, आणि कृष्णात पहिल्यांदा हसला.

त्यानंतर फोन सुरू झाले. सुरुवातीला तो फक्त आभार मानायचा. आज सकाळी चहा पिताना आठवलं, म्हणून आभार. आज थंडी छान होती, ती अनुभवायला जिवंत आहे, म्हणून आभार. मी वैतागून म्हणाले, दुसरं काही बोलता येतं का? मग तो माझ्या गुरांची चौकशी करायला लागला. कुठली गाय व्यायली, कुठल्या शेळीचा पाय बरा झाला, सगळं त्याच्या ध्यानात राहायचं. दर महिन्याच्या त्या रविवारी तो सांगलीला कृष्णेच्या घाटावर यायचा. काम झालं की आम्ही पायऱ्यांवर भुईमुगाच्या शेंगा खात बसायचो. तो शेंगा फोडायचा, टरफलं खिशात ठेवायचा आणि दाणे न बोलता माझ्या बाजूला सरकवायचा. मीही न बोलता खायची. नदीवरून गार वारा यायचा... आणि खांद्यांमध्ये एक वीतभर जागा असायची, जी दोघंही नीट सांभाळायचो.

बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

फेब्रुवारीत दगडाबाई त्याला घेऊन थेट आटपाडीला आमच्या घरी आल्या. मी सुट्टी काढून गेले होते. मला माहीत होतं कशासाठी येणार ते, आईनं मला दोनदा साडी बदलायला लावली होती. चहा झाला, पोहे झाले. मग दगडाबाई माझ्या वडलांना म्हणाल्या, "आवं, तुमच्या लेकीनं माझ्या लेकाचा जीव वाचिवला. त्या उपकाराची फेड कशानं व्हायची? म्हणून म्हनलं, पोरगाच देऊन टाकावा."

सगळे हसले. मी हसले नाही.

तो शब्द माझ्या काळजात कुसळासारखा शिरला. फेड. इतके महिने तो आभारच तर मानत होता. शेंगदाणे, फोन, गुरांची चौकशी... सगळं त्याच एका दुपारसाठी असेल तर? त्या दुपारी तिथं मी होते, म्हणून मी. दुसरं कुणी असतं तर दुसरं.

मी त्याला मागच्या अंगाला बोलावलं. तिथं आमची वाघर आहे, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. त्या जाळीला धरून मी उभी राहिले.

"एक विचारू?"

"इचारा की."

"त्या दिवशी माझ्या जागी फिरदोसनं तुम्हाला बाहेर काढलं असतं, तर आज तुम्ही कुणाच्या दारात पोहे खात बसला असता?"

मला वाटलं, आता तो हसण्यावारी नेईल, रागावेल, काहीतरी गोड बोलेल. यातलं काहीही मला पुरलं असतं. तो जाळीतल्या मेंढरांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला इचार करावा लागंल."

मी आत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही. दगडाबाईंचा चेहरा मला आजही आठवतो. त्यांना काय चुकलं तेच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आष्ट्याला निघायच्या आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, मेंढरं सोडत होते. मी मदतीला गेले. अण्णांनी कालचं काही विचारलं नव्हतं; ते कधी विचारत नाहीत. मीच सांगितलं, की उपकारापोटी कुणी मला पत्करावं हे मला नको.

त्यांनी एका कोकराच्या पायातला काटा काढला, ते सोडून दिलं.

"तू सात महिन्यांची हुतीस," ते म्हणाले. "आमी मेंढरं घिऊन कोयनंच्या खाली उतरलो हुतो. मला ताप भरला. महिनाभर शुद्ध न्हवती. तुझ्या आईनं तुला पाठीला बांधलं, दोनशे मेंढरं एकलीनं राखली, वर मला पेज पाजली. त्याला पंचवीस वर्सं झाली. आजबी भाकरीचा तुकडा मोडताना मला ते आठवतंय. त्याच्याआधी लगीन झालंच हुतं आमचं, पर माझी बायकू कोण हाय ते मला तवा कळलं." त्यांनी काठी उचलली. "तुमी शिकलेल्या पोरी त्याला उपकार म्हणता का आनखी काय, मला ठाऊक न्हाई. मला तर त्यो एकच जिन्नस वाटतो."

ते मेंढरांमागं गेले. एसटीत मी आष्ट्यापर्यंत रडले, समुद्र नसतानाही.

पण फोन मी केला नाही. त्यानंही नाही. एक आठवडा, दोन, तीन. मार्चमधला घाटावरचा रविवार आला, तो आला नाही. फिरदोसनं मला सरळ सांगितलं की तू प्रश्न बरोबर विचारलास पण माणसाला उत्तर द्यायला जागा ठेवली नाहीस. मी तिच्यावर चिडले, कारण तिचं खरं होतं. दवाखान्यात मी गाईंशी सुद्धा तुटक बोलायला लागले होते.

एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा खाडी. मी जाणार नव्हते. सकाळी बस दाराशी आली तेव्हा बॅग भरलेली कशी होती, ते मात्र विचारू नका.

कराडच्या जीपमध्ये तो नव्हता. मी माणसं उतरताना एकेक बघितलं, ड्रायव्हरसुद्धा. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसले, जे आधीच लागलेलं होतं. सर माझ्याजवळ आले आणि वेगळंच काही बघत असल्यासारखं म्हणाले की कृष्णात कालच आलाय, एकटा, एसटीनं. पलीकडं काठावर बसलाय.

तो तिवरांच्या सावलीत बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठला, पुन्हा बसला. पुढं चिखल चमकत होता आणि त्याच्या काठावरच पावलं उमटलेली होती. पुढं गेलेली, मागं आलेली, पुढं गेलेली, मागं आलेली. मला समजलं. त्या दिवसानंतर तो खाडीत उतरलाच नव्हता. कालपासून उतरायचा प्रयत्न करत होता.

मी थोडं अंतर ठेवून बसले. एक खंड्या पाण्यावर सूर मारून गेला, निळी रेघ ओढल्यासारखा.

"उत्तर आणलंय," तो म्हणाला.

"फार दिवस लागले."

"खोटं द्यायचं असतं तर तवाच दिलं असतं. तुमी इचारलंत आन मला खरंच म्हाईत न्हवतं. म्हनलं, ही म्हणती तसं असंल तर? उपकारापायी माणूस काय बी करतो. मशीनवर हुबा ऱ्हाऊन त्योच इचार. आन मग एक गोष्ट ध्यानात आली... सांगतो. पर हसायचं न्हाई."

"सांगा."

त्यानं एक काडी उचलली, तिचे दोन तुकडे केले.

"मी त्या दिशी घरी गेलो, आईला समदं सांगितलं. आई म्हनली, तुला बहीण न्हाई, देवानं ही दिली. भाऊबीजेला आष्ट्याला जायाचं आन तिच्याकडनं ओवाळून घ्यायाचं. ती हिरवी साडी हाय न्हवं तुमच्याकडं... ती भाऊबीजेचीच. ओवाळणीत घालायला आणलेली."

त्यानं काडीचा आणखी एक तुकडा मोडला.

"आन भाऊबीजेदिशी मी आईला सांगितलं, जादा ड्यूटी लागली. लागली न्हवती. डबा घिऊन घरातनं निघालो आन दिवसभर नीरेच्या पुलावर बसलो. लोकं बहिणीकडं चाललेली, पिशव्या घिऊन. मी आपला बसलेला. दिस मावळला, भाऊबीज सरली, मग घरी गेलो. आन दुसऱ्या दिशी आईला घिऊन तुमच्याकडं आलो." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "फिरदोसताईंनी काढलं असतं, तर मी पैल्या गाडीनं येऊन पाटावर बसलो असतो. त्यास्नी आजबी मी ताईच म्हणतो. तुमास्नी म्हणायला तोंडच उघडलं न्हाई. तवाच्या तवा उत्तर झालं हुतं... मला कळायला मार्च उजाडला."

हसायचं नाही असं ठरलं होतं. पण आधी माझे खांदे हलले, मग डोळे भरले, आणि मग मी इतकी हसले की लांबवर पोतं धरून उभी असलेली फिरदोस वळून बघायला लागली. नीरेच्या पुलावर डबा मांडीवर घेऊन भाऊबीज संपायची वाट बघत बसलेला हा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"आईंना माहीत आहे?"

"तुमच्याकडनं घरी परत येतानाच कळलं तिला. म्हनली, ड्यूटी कुठल्या पुलावर हुती रं? कुणीतरी बघितलं हुतं." तो थांबला. "उपकार न्हाईत असं मी म्हणणार न्हाई. हायेत. ते जन्मभर राहणार. पर म्या तुमास्नी मागितलं ते त्याच्यापायी न्हाई."

मला अण्णांचा तो मोडलेला भाकरीचा तुकडा दिसला. पंचवीस वर्षांत एकदाही त्यांनी आईला आभार असा शब्द म्हटला नसेल, आणि एकही घास त्याच्याशिवाय खाल्ला नसेल. मला ज्याची भीती वाटत होती, ते खरं तर किती बायकांच्या वाट्याला येतं? आपल्याकडं बघून रोज कुणाला तरी बरं वाटावं, की ही आहे... एवढंच तर ते होतं.

"आईंना म्हणावं, पुन्हा या आटपाडीला," मी म्हणाले. "मला माफी मागायची आहे त्यांची."

त्याच्या हातातल्या काडीचे आता चार तुकडे झाले होते.

"ती पुन्यांदा तेच म्हणंल," त्यानं सावध केलं. "उपकार, फेड. ऐकायची न्हाई. बारशालाबी म्हणंल."

"म्हणू द्या."

बारशाचं आपण काय बोलून गेलो ते त्याला उशिरानं उमगलं आणि त्याचे कान लाल झाले. मी खेकड्यांकडं बघितल्यासारखं केलं.

भरतीला अजून दोन तास होते. सगळे रांगा करून बनात शिरले होते. मी उठले, चिखलात एक पाऊल टाकलं आणि हात मागं केला. तो काठावर उभा होता. भीती त्यानं लपवली नाही. मग त्याचा हात माझ्या हातात आला, घामेजलेला, मशीनच्या कामानं राठ झालेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, चिखल मध्ये नसताना.

"आनखी रुतलो तर?"

"तर पुन्हा ओढीन," मी म्हणाले. "आणि मग रोज आभार मानायचे. सकाळ-संध्याकाळ. मला चालेल."

त्यानं पाऊल टाकलं.